चीनचा जावई झालेला सोलापूरचा डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

कवठे महांकाळ : दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या मोबाईलवर लाल कंदिलांचे, कागदी ड्रॅगन नाचवणाऱ्या पोरांचे, फटाक्यांच्या माळांचे व्हिडिओ फिरायला लागतात. चिनी नवं वर्ष आलं म्हणायचं. आपण बघतो, एखादा लाईक टाकतो आणि अंगठ्यानं वर सरकवतो. चीन म्हटलं की आपल्या तालुक्यात आजकाल दोनच गोष्टी निघतात, एक सीमेवरची भांडणं आणि दुसरी बाजारात घुसणारा चिनी बेदाणा. दोन्हींचा राग आहे आणि तो असणारच.

पण याच चीनमध्ये एका मराठी माणसाच्या कबरीवर लोक आजही फुलं ठेवायला जातात. तो माणूस काही लांबचा नव्हे. कवठे महांकाळहून नागज, सांगोला, मंगळवेढा करत सरळ गेलं की जे सोलापूर लागतं, तिथला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चीनमध्ये गेले परदेशी म्हणून, तिथल्या मुलीशी लग्न केलं, तिथं बाप झाले आणि तिथल्याच मातीत गेले. वय होतं ३२ वर्षं.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की गाव जागं व्हायचं. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. गाव तसं चळवळ्या. १९३० साली मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिलं. द्वारकानाथ तेव्हा नुकते विशीत आले होते. अशा गावातल्या पोराला देश, गुलामी, परकी सत्ता हे शब्द पुस्तकात वाचायची गरज पडत नाही.

ते मुंबईला गेले, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. मुंबईत दवाखाना टाकायचा, घरच्यांना हातभार लावायचा, चांगलं स्थळ बघून लग्न करायचं, असा सरळ रस्ता पुढं दिसत होता. त्या काळी डॉक्टर मुलगा म्हणजे घरात केवढी मोठी गोष्ट! पण जगण्याची गाडी वेगळ्याच रुळावर गेली.

१९३७ च्या जुलैत जपाननं चीनवर मोठा हल्ला चढवला. शहरांमागून शहरं पडत होती. चीनच्या आठव्या रूट सैन्याचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंकडं डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं. ७ ते ९ जुलै असे तीन दिवस चीनसाठी निधी गोळा झाला, २२ हजार रुपये जमले. आपण स्वतः गुलामीत, खिशात दमडी नाही, आणि दुसऱ्याच्या लढाईला वर्गणी! आज ऐकायला नवल वाटतं. पण त्या पिढीचा हिशेब वेगळा होता.

पाच डॉक्टर निवडले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. कोटणीस तेव्हा २८ वर्षांचेही नव्हते. त्याच महिन्यात ते दक्षिण चीनमध्ये कँटनला उतरले आणि पुढच्याच महिन्यात कँटन जपान्यांच्या ताब्यात गेलं. तिथून ते हँकोला गेले, ऑक्टोबरातच तेही पडलं. म्हणजे हे डॉक्टर पुढं आणि लढाई त्यांच्या मागं, असा तो प्रवास होता. सरकत सरकत ते चुंगकिंगला पोचले.

यान-आनला जायच्या आधीच घरून बातमी आली की वडील गेले. हा प्रसंग जरा थांबून समजून घ्यायला हवा. परक्या मुलखात, भाषा येत नाही, ओळखीचे चार लोक आणि बाप गेल्याची खबर. आपल्याकडं अशा वेळी माणूस मिळेल त्या वाहनानं गाव गाठतो. दहावा असतो, तेरावा असतो, आईजवळ बसायचं असतं. कोटणीसांना परत जायची मोकळीक होती, कुणी नावंही ठेवली नसती. ते गेले नाहीत. आलोय त्या कामाला अजून हातसुद्धा लागला नाही, मग परत कशाला, असा त्यांचा हिशेब. बरोबर की चूक हे ज्यानं त्यानं ठरवावं. घरी राहिलेल्या आईनं तो कसा सोसला असेल, हे मात्र विसरून चालणार नाही. थोर माणसांच्या गोष्टीत घरच्यांचा वाटा नेहमी एका ओळीत उरकतात.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यान-आनला पोचलं. हे माओंच्या लोकांचं मुख्य ठाणं. डोंगराची पिवळी माती कोरून केलेल्या गुहांमध्ये राहायचं. त्याच महिन्याच्या १९ तारखेला चिनी नवं वर्ष लागलं. म्हणजे या डॉक्टरांची आणि उत्तर चीनच्या गावांची ओळख झाली ती ऐन सणाच्या दिवसांत.

पाचही डॉक्टरांनी आपल्या नावांना चिनी रूप दिलं आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ह्वा हे अक्षर जोडलं. ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं ख दी-ह्वा. आजही चीनमध्ये कोटणीस म्हणून विचारलं तर कुणाला कळणार नाही, ख दी-ह्वा म्हटलं की ओळख पटते.

पुढं एकेक डॉक्टर मायदेशी परतले. कोटणीस मात्र आणखी पुढं, ऐन आघाडीकडं निघाले. बरोबर डॉ. बसू होते. १९४० मध्ये शान्शी, चाहार आणि हपै या तीन प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात ते पोचले. इथं कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, विष अंगात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून गेले. त्यांच्या जागी डॉक्टर हवा होता. बसूंना परत यान-आनला बोलावून घेतलं आणि त्या मुलखात भारतीय म्हणून कोटणीस एकटे उरले.

आता दवाखाना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं चार मजली इमारत येते, खाली मेडिकल आणि बाहेर पार्किंग. तिथं तसलं काही नव्हतं. जखमी सैनिक गावकऱ्यांच्या घराघरांत ठेवलेले असायचे. या घरात चार, त्या घरात तीन. जपानी तुकडी येतेय कळलं की सगळ्यांना उचलून डोंगरात न्यायचं. जपान्यांचं धोरण असं की दिसेल ते जाळा, दिसेल त्याला मारा, मिळेल ते लुटा. औषधं तोकडी. पाटी खांद्यावर, पेशंट दारावरच्या फळीवर आणि वाट घाटाची.

खायला काय? मुख्य अन्न म्हणजे राळा. हो, आपल्या आजी-पणजीच्या काळात शेतात असायचा तोच राळा. चिनी भाषेत त्याला म्हणतात शाओमी. आता कळलं ना? तुमच्यातल्या कित्येकांच्या हातात जो फोन आहे, त्याचं नाव म्हणजे राळा. राळा खाऊन आणि रायफल घेऊन लढलेलं सैन्य, अशी त्या सैन्याची ओळखच झाली होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला ते अगदीच परकं वाटलं नसावं.

१९४० च्या पावसाळ्यापासून आठव्या रूट सैन्यानं जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली. या लढायांत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग तीन दिवस-रात्र न झोपता ते शस्त्रक्रिया करत राहिले, असं सांगतात. १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचं संचालक केलं. शेजारीच बेथ्यूनच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय होतं, तिथंही ते शिकवायचे, आणि शिकवायचे चिनी भाषेत. दुभाष्या घेऊन भागलं असतं. पण पेशंटला कुठं दुखतंय ते त्याच्या तोंडून ऐकायचं असेल तर त्याची बोली आली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. नुसती बोलायला नव्हे, लिहायलाही शिकले. शस्त्रक्रियेवर चिनीत पुस्तक लिहिलं. दुसरं लिहायला घेतलं, ते अर्धंच राहिलं.

त्या विद्यालयात एक तरुणी नर्सिंग शिकवायची. तिचं नाव ग्वो छिंग-लान. जन्म १९१६ चा, माहेर शान्शी प्रांतातलं. दोघांची पहिली भेट झाली ती बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला, १९४० मध्ये. एका परदेशी डॉक्टरच्या समाधीपाशी दुसऱ्या परदेशी डॉक्टरला त्याची बायको भेटली. कादंबरीत लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीतरीच काय!

१९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ना मांडव, ना वाजंत्री. सोलापूरला मात्र आईच्या गैरहजेरीत लेकाचं लग्न झालं आणि सूनबाई चिनी. त्या काळात आपल्याकडं जात सोडून लग्न केलं तरी घरदार रुसायचं. कोटणीसांनी देश, भाषा, धर्म सगळंच ओलांडलं.

आता त्या सणाकडं येऊ. लग्नानंतर त्यांच्या वाट्याला चिनी नवं वर्ष आलं ते एकच. १५ फेब्रुवारी १९४२.

या सणाची थोडी माहिती घेतली तर त्या दिवसाचं मोल कळेल. चिनी लोक त्याला वसंताचा सण म्हणतात. त्यांचं पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं, पण सूर्याशी मेळ घालायला त्यांच्यातही अधिक महिना येतो. म्हणून तर त्यांचा पाडवा कधी जानेवारीच्या शेवटी, कधी फेब्रुवारीत. अमावास्येला चंद्र नवा झाला की वर्ष नवं.

तयारी मात्र आठवडाभर आधीपासून. जुन्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात २३ तारखेला चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव वर्षभर स्वयंपाकघरातून घरच्यांवर नजर ठेवतो आणि वर जाऊन कागाळ्या करतो, अशी समजूत. म्हणून जायच्या आधी त्याच्या तोंडाला चिकट गोड पदार्थ लावतात. तोंड गोड झालं की चांगलं बोलेल, नाहीतर चिकटून तरी बसेल! मग घराची झाडलोट, अगदी आपल्या दिवाळीसारखी. पण एकदा वर्ष लागलं की त्या दिवशी केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. दारांच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर शुभेच्छा लिहून चिकटवतात. खिडकीला लाल कागदाची कात्रणं, त्यात फुलं, पक्षी, मासे. आपण तोरण बांधतो, रांगोळी काढतो, तसंच ते.

आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायचं. हे महत्त्वाचं. माणूस कुठंही असो, त्या रात्री घरी पोचतो. आजही त्या दिवसांत चीनमधल्या रेल्वेगाड्या आपल्या आषाढीच्या एसटीसारख्या भरून वाहतात. उत्तरेकडं जेवणात च्याओझ हवाच. आकार आपल्या करंजीचा, पण तळत नाहीत, उकळतात. आत खिमा आणि कोबी. करायला सगळं घर बसतं. एक पारी लाटतो, एक सारण भरतो, एक कडा मुडपतो. दिवाळीच्या आधी आपल्याकडं करंज्या करायला बायका जमतात आणि गप्पांना ऊत येतो, ते चित्र डोळ्यांपुढं आणा. सकाळी पोरं थोरांच्या पाया पडतात, थोरं त्यांना लाल कागदात पैसे देतात. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी लेक नवऱ्याला घेऊन माहेरी येते. जावयाचा मान! नवीन लग्न झालेलं असेल तर विचारूच नका.

हे सगळं शांततेच्या काळातलं. १९४२ चं नवं वर्ष कसल्या दिवसांत आलं बघा. नेमक्या त्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर पडलं. इंग्रजांनी जपान्यांपुढं हत्यारं टाकली. आपल्या हिंदुस्थानचे हजारो शिपाई त्या दिवशी कैदी झाले. जपान अजिंक्य वाटत होता. शान्शीतली मोठी गावं आणि रेल्वेमार्ग त्यांच्या ताब्यात होते, त्यामुळं छिंग-लानला माहेरी सहज जाणं शक्य नव्हतं आणि जावईबापूंचा सासुरवाडीचा मानही राहून गेला. दोघांची घरं दूर. एकाचं सोलापुरात, एकीचं शत्रूच्या चौक्यांपलीकडं. सगळ्यांनी घरी पोचायच्या रात्री या दोघांना घर म्हणजे एकमेकांची सोबत आणि आजूबाजूचे गावकरी.

आणि एक गोष्ट होती. बाळ पोटात होतं.

दवाखाना तेव्हा हपै प्रांतात, तांग भागातल्या कगोंग गावात होता. तांग म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखं समजा, डोंगराच्या कडेचा, गरीब, कष्टाळू. त्या गावात कोटणीस परके राहिले नव्हते. घराघरांत पेशंट, म्हणजे घराघरांत जाणं-येणं. गावातल्या म्हातारीला ताप आला तरी हेच, बाळंतपण अडलं तरी हेच. रंगानं सावळे, नाकीडोळी वेगळे, पण बोलायला त्यांच्यासारखे आणि खायला राळा त्यांच्याबरोबर. गावाचा माणूस व्हायला आणखी काय लागतं?

सणाला परदेशी पाहुणा घरी जेवायला बोलावणं, त्याचा फोटो काढणं, हे आता सोपं झालंय. कोटणीसांची गोष्ट तशी नाही. त्यांच्या बाबतीत पाहुणा आणि घरचा ही सीमाच पुसली गेली होती.

तब्येत मात्र खचत होती. १९४१ पासूनच त्यांना फिट यायला लागल्या होत्या. त्यावरची नीट औषधं त्या डोंगरात नव्हती. वरिष्ठांनी सांगून बघितलं की दुसरीकडं जाऊन इलाज करून घ्या, विश्रांती घ्या. कोटणीसांनी ऐकलं नाही. डॉक्टरच ऐकत नाही म्हटल्यावर कोण काय करणार? हा त्यांचा हट्ट मला सोसत नाही, खरं सांगायचं तर. गरोदर बायको घरी असताना माणसानं जिवाला जपायला नको का? पण मग वाटतं, इथून उठून गेलो तर या जखमींना बघणार कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढं रोज सकाळी उभा असणार. दुसरा सर्जन काही पुढच्या गाडीनं येणार नव्हता.

२३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. सैन्याचे सेनापती न्ये रोंग-चेन यांनी नाव सुचवलं, यिन-ह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. दोन देश एका पाळण्यात. त्याच महिन्यात इकडं छोडो भारतचा नारा घुमला होता, आणि ९ सप्टेंबरला आपल्या सातारा जिल्ह्यात वडूजला इंग्रजांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेव्हा यिन-ह्वा सतरा दिवसांचा होता.

सप्टेंबरच्या शेवटी शरदातल्या पौर्णिमेचा चिनी सण आला. आपल्या कोजागरीचा भाऊच म्हणा. पूर्ण चंद्र बघायचा, गोल पुऱ्यासारखी मिठाई खायची आणि गोल म्हणजे सगळं कुटुंब एकत्र, असा त्याचा अर्थ. त्या पौर्णिमेला कोटणीसांचं कुटुंब पुरतं तिघांचं होतं. महिन्याभराचं बाळ, आई आणि बाप.

९ डिसेंबर १९४२. फिटांवर फिट येत गेल्या आणि डॉ. कोटणीस गेले. मूल साडेतीन महिन्यांचं. लग्नाला जेमतेम वर्ष. पुढचं नवं वर्ष त्यांना दिसलं नाही.

सोलापूरला ही बातमी पोचायला वेळ लागला. मधे महायुद्ध, टपालाचा ठिकाणा नाही. पाच गेले होते, चार परत आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं ते याच न परतलेल्या पाचव्यावर. त्यावरून आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला, डॉ. कोटणीस की अमर कहानी. कोटणीसांचं काम स्वतः शांतारामांनी केलं, छिंग-लानचं काम जयश्रीबाईंनी. सिनेमा सिनेमासारखा, त्यात रंग भरलेले. पण गावोगावच्या तंबूत आणि टॉकीजमध्ये कोटणीस हे नाव पोचवलं ते त्यानं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.

मागं राहिलेल्यांचं काय झालं? यिन-ह्वा मोठा झाला, बापासारखाच डॉक्टरकीला गेला. पण शिक्षण चालू असतानाच, १९६७ मध्ये, तोही वारला. पंचविशीही नीट ओलांडली नव्हती. छिंग-लानबाईंनी पुढं पुन्हा लग्न केलं, तालियान शहरात राहिल्या. पण कोटणीसांच्या घराशी नातं त्यांनी तोडलं नाही. सून म्हणून त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. मधे १९६२ चं युद्ध झालं, दोन्ही देश एकमेकांचं तोंड बघेनात, तरी या नात्याला कुणी हात लावला नाही. कोटणीसांवर त्यांनी आठवणींचं पुस्तकही लिहिलं. २०१२ मध्ये त्या गेल्या, वय ९६. नवऱ्यासोबत वर्षभर, आणि नवऱ्याच्या आठवणीत सत्तर वर्षं.

चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या नातेवाइकांची भेट घेतात, ही रीत कित्येक वर्षं चालत आली. चीननं १९८२ मध्ये आणि भारतानं १९९३ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. राजकारणाचा भाग त्यात असतोच, दोन देशांना हस्तांदोलनाचा फोटो हवा असला की कोटणीस आठवतात. ते असू द्या.

त्यांची समाधी आता हपै प्रांतातल्या शिजियाचुआंग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. जवळच बेथ्यून यांची आहे. दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलला छिंगमिंग नावाचा चिनी सण येतो. हा पितरांचा दिवस, पण आपल्या सर्वपित्रीसारखा तिथीवर नव्हे, सूर्यावर चालतो, म्हणून तारीख फारशी हलत नाही. घरातली माणसं आपापल्या वाडवडिलांच्या कबरीवर जातात. आजूबाजूचं गवत उपटतात, दगड झाडून-पुसून घेतात, फुलं ठेवतात, खायचं ठेवतात. ज्याचं त्यानं बघायचं, असा हा घरगुती सण.

कोटणीसांचं तिथं रक्ताचं आता कुणी नाही. तरी त्या दिवसांत त्यांच्या समाधीपाशी शाळेची पोरं येतात, नर्सा येतात, सैनिक येतात. शिजियाचुआंगमध्ये त्यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळाही आहे. तिथं शिकून बाहेर पडणारी मुलं-मुली त्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून शपथ घेतात.

इकडं सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचं जुनं घर आहे. महापालिकेनं त्याचं स्मारक केलंय. बाजाराला, दवाखान्याला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आपल्या भागातली माणसं सोलापूरला जातातच. पोरं बरोबर असतील तर अर्धा तास काढून तिथं डोकवायला हरकत नाही. यात्रा जानेवारीत असते, आणि त्यानंतर काही दिवसांतच तिकडं लाल कागद चिकटवायची गडबड सुरू होते.